औटकीचे सर

‘आमची मुलगी शाळेत जात नाही’ हे वाक्य मी लग्नाकार्यात असं सोडतो, की समोरच्याची जिलबी हातातच राहावी. ‘का हो, तब्येत बरी नाही का?’ असा प्रश्न येतोच. मग मी डोळे किंचित मिटून ‘होमस्कूलिंग’ म्हणतो. पुढचा प्रश्नही ठरलेला : ‘पण चार मुलांत मिसळणार कशी?’ विचारणारे गृहस्थ त्याच मांडवात सख्ख्या भावाकडे पाठ करून बसलेले असतात.

शाळेच्या लेखी पालकांचा सहभाग म्हणजे रात्री साडेनऊला ग्रुपवर येणारा ‘उद्या ज्वालामुखी आणावा’ हा निरोप. ज्वालामुखी मी केला. खाली लाल शाईत शेरा आला, ‘आणखी प्रयत्न हवेत.’ त्यानंतर माझ्या शैक्षणिक विचारांना विलक्षण वेग आला.

कायद्याचं म्हणाल तर 2009 चा शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतो. मुक्त विद्यालयाची दहावी 14 पूर्ण झाल्यावर देता येते. लेक आहे नऊ वर्षांची. त्यामुळे ‘कायदेशीर आहे ना?’ असं कुणी विचारलं, की मी थेट पंडिता रमाबाईंवर जातो. शाळेचं तोंड न पाहता घरी संस्कृत शिकल्या आणि 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ ठरवलं! हे सांगताना मी आपोआप त्यांच्या वडिलांच्या, अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या शेजारी जाऊन बसतो. ‘रमाबाईंना शिकवलं त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी,’ बायको आतून सांगते. ‘आणि भाजी कोण निवडणार?’

माझा खरा विषय औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. एक औट साडेतीन, दोन औट सात, तीन औट साडेदहा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी या सगळ्या तिच्या धाकट्या बहिणी. आमच्या आजोबांना झोपेतून उठवून ‘सात औट?’ विचारलं तर ‘साडेचोवीस’ म्हणून ते पुन्हा घोरायला लागत. आणि हा आकडा साधा नाही. महाराष्ट्राचा जीवच साडेतीनात अडकलाय. मुहूर्त साडेतीन. देवीची पीठं साडेतीन. देह साडेतीन हात. पेशवाईतले शहाणेसुद्धा साडेतीन : सखारामबापू बोकील, विठ्ठल सुंदर, देवाजीपंत चोरघडे हे तीन पूर्ण, आणि नाना फडणवीस अर्धे, कारण शहाणपण असलं तरी तलवार नव्हती. पूर्ण तिघांची नावं आज किती जणांना आठवतात? अर्धा मात्र सगळ्यांना ठाऊक. या अर्ध्याबद्दल मला फार जवळीक वाटते. ‘बाबा, मी पाच गुणिले सहा विचारलं होतं,’ लेक म्हणाली.

भांड्यांना येणाऱ्या मावशींना हे प्रकरण समजलं तेव्हा त्या ओट्याशी थबकल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘दादा, फी थकली का? आमच्या पोराच्या बाईंशी बोलू?’ त्यांचा मुलगा पंचवीस टक्क्यांच्या राखीव जागेतून इंग्रजी शाळेत आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्यांनी कितीतरी खाडे केले. त्यांना स्वतःला वाचता येत नाही, पण रोज रात्री वही मांडीवर घेऊन बसतात. लाल शाई जास्त दिसली की पोराला झापतात. ज्या पानावर कसलीच खूण नाही, त्या पानाशी मात्र अडतात. बाईंनी हे बघितलंच नाही का? दुसऱ्या दिवशी मावशींना यायला उशीर झाला, तर समजायचं, शाळेच्या फाटकाशी उभ्या होत्या. फाटकावरचा माणूस त्यांना आत सोडत नाही. चिठ्ठी आणा म्हणतो. चिठ्ठी लिहिणार कोण? त्या माणसाचा मला मनापासून राग येतो.

चिठ्ठ्या आता मी लिहितो. तीन ओळींचं काम, मी पानभर करतो. ‘एवढं वाचतील का हो बाई?’ मावशी काळजीनं विचारतात. हे सगळं पाहिल्यावर मी मांडवात डोळे मिटायचं सोडलं, असं लिहायला बरं वाटलं असतं. कमी केलंय.

परवा लेकीनं घरीच पालकसभा भरवली. बायकोला खुर्ची, मला दाराबाहेर उभं राहायची आज्ञा. आतून आवाज येत होता. ‘तशी सरांबद्दल फार तक्रार नाही, पण विषय सोडून बोलतात. पाचाचं विचारलं की साडेतीनावर जातात. चुकलं तर ओरडत नाहीत, पण मोठ्ठा श्वास घेतात, त्याची भीती वाटते. आणि खडू खिशात घालून कुठेही बसतात.’

‘मग काय करायचं म्हणता, बाई?’ बायकोनं अदबीनं विचारलं.

‘एवढ्यात काढू नका,’ लेक म्हणाली. ‘चित्रकलेला बदली करा.’