भैताड गिटारवाल्याच्या बाजूने

अवजड ॲम्प उचलावा लागू नये म्हणून त्याची डिजिटल नक्कल करणारा मॉडेलर घ्यायचा आणि त्याच्यासोबत सोळा किलोंचा स्पीकर ॲक्टिव्हाच्या फूटबोर्डवर बांधून लॉनवर न्यायचा, याला नागपुरात भैताडपणा म्हणतात. मला या भैताडपणाचं मनापासून कौतुक आहे.

शहाण्यांचा हिशेब आधी मांडू. व्हॉक्सचा एसी थर्टी ॲम्प तीस किलोंच्या वर जातो. मग मॉडेलर आले: 1998 साली लाइन सिक्सचा लाल पॉड आला, 2011 मध्ये केम्पर, 2015 मध्ये हेलिक्स. आता तर दोन किलोंच्या आसपासच्या पेटीत ॲम्प, कॅबिनेट, माइक सगळं गणिताने उभं राहतं. पेटीतून एक केबल काढायची, साउंडवाल्याला लाइन द्यायची, कार्यक्रम संपला की पेटी सॅकमध्ये. साउंडवाला सरळ विचारतो, "मशीनमंदीच सारं हाय म्हनतं ना तू, मंग हा डब्बा काऊन वाहून आनला बे?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर स्टेजवर उभं राहिल्याशिवाय मिळत नाही. वर्धा रोडच्या एखाद्या लॉनवरचा ऑर्केस्ट्रा घ्या. गायक दोन, निवेदक एक, ऑक्टोपॅड, ड्रम, कीबोर्ड, बेस. मॉनिटर असतात मोजके आणि त्यांत पहिला हक्क गायकांचा. तो असायलाच हवा, कारण गायक बेसूर झाला तर कार्यक्रमच गेला. गिटार मॉनिटरमध्ये आली तर शेवटी येते आणि गायकाने "माझा आवाज वाढवा" अशी खूण केली की सर्वांत आधी तीच जाते. मेन स्पीकर स्टेजच्या पुढे, तोंड प्रेक्षकांकडे. मागे उभ्या असलेल्या गिटारवाल्याला त्यातून फक्त खालचा गढूळ गुरगुराट ऐकू येतो. असा माणूस बोटांच्या सवयीवर वाजवतो. स्वर बरोबर लागतात, पण वादनात जीव नसतो.

स्वतःचा स्पीकर नेणारा भैताड मात्र ऐकून वाजवतो. ड्रमवाल्यालाही गिटार कुठून येते ते कळतं. शिवाय आणखी एक गोष्ट घडते, ज्यासाठी मी सोळा किलो आनंदाने माफ करीन: स्पीकरच्या हवेने तार पुन्हा थरथरते, स्वर संपायच्या ऐवजी धरून राहतो, वाजवणारा अर्धं पाऊल सरकला की स्वराचा रंग बदलतो. लाइन दिलेल्या गिटारला आणि कानातल्या इअरफोनला हे सुख नाही.

आता स्पीकर कोणता? इथे भैताडपणाला अभ्यासाची जोड हवी. गिटारचा जुना बारा इंची स्पीकर, समजा सेलेस्टियनचा ग्रीनबॅक, पाच हजार हर्ट्झच्या पुढे झपाट्याने मावळतो. गिटारचा जो आवाज आपल्याला गोड वाटतो तो या मावळण्यामुळेच. मॉडेलरमधलं कॅबिनेटचं गणित नेमकं हेच करतं. म्हणून खरं कॅबिनेट आणि पॉवर ॲम्प वापरायचा असेल, तर त्या आउटपुटवर मॉडेलरमधलं कॅबिनेट बंद करावं लागतं. नाहीतर आवाज दोन गाळण्यांतून जातो आणि घोंगडीखालून आल्यासारखा होतो. मिक्सरला जाणाऱ्या लाइनवर मात्र ते चालूच हवं. ही एक खिट्टी विसरल्याने वाया गेलेले कार्यक्रम नागपुरात कमी नसावेत.

दुसरा मार्ग फुल रेंज, फ्लॅट रिस्पॉन्सचा, म्हणजे दुकानात ज्याला एफआरएफआर म्हणतात तो: आत पॉवर ॲम्प, खाली वूफर, वर हॉर्न. मिक्सरला जे जातं तेच याच्यातून येतं, आणि ऑर्केस्ट्रावाल्यासाठी माझं मत याच्याच बाजूने आहे. त्याला एका रात्रीत सत्तरच्या दशकातलं वा-वा, अजय-अतुलचं झिंगाट आणि मधेच नायलॉन तारांची गिटारही वाजवायची असते. प्रत्येक गाण्यावर एकाच कॅबिनेटचा रंग चढवून त्याचं भागणार नाही. जो रात्रभर रॉकच वाजवतो, त्याने खुशाल खरं कॅबिनेट वाहावं. मधली वाटही आहे. सेलेस्टियनने 2019 मध्ये आणलेला एफ ट्वेल्व्ह एक्स टू हंड्रेड गिटारच्या कॅबिनेटमध्ये बसतो आणि तरी वरपर्यंत वाजतो. लाइन सिक्सचा पॉवरकॅब त्याच्या वर्षभर आधीचा.

डब्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्याला मात्र भैताडाने भुलू नये. "2000 वॅट" हा बहुधा क्षणभराच्या शिखराचा आकडा असतो. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. एका वॅटला एका मीटरवर 98 डेसिबल देणारा स्पीकर 200 वॅटवर, कागदोपत्री, 121 पर्यंत जातो. उघड्या लॉनवर अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल गळतात, म्हणजे आठ मीटरवर उरले 103. लॉनला भिंती नाहीत, आवाज परत येत नाही. खोलीत दणदणीत वाटणारा डबा तिथे एकदम बारीक वाटतो. सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात किंवा रेशीमबागच्या सुरेश भट सभागृहात भिंती मदत करतात, तिथे लहान डबाही पुरतो.

सर्वांत मोठा भैताडपणा घरी करायचा असतो आणि तोच सर्वांत मोलाचा आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवलं होतं की हळू आवाजात कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. मे महिन्यात नागपूरकर रात्री हळू आवाजात पॅच, म्हणजे मॉडेलरमधली आवाजाची जुळणी, बनवतो, शेजारी कूलरची घरघर, ती खालचे स्वर आणखी झाकते. मग तो बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, खूश होऊन झोपतो. तोच पॅच लॉनवर पोटात घुमतो आणि कानाला टोचतो. म्हणून भर दुपारी कूलर बंद करून, घामाघूम होत, कार्यक्रमाच्या आवाजात पॅच बनवणारा माणूस मला आदरणीय वाटतो. घरचे ओरडतील, शेजारचे काका दार वाजवतील. काकांना आधीच सांगून ठेवावं आणि अर्ध्या तासात आटपावं. शंभर हर्ट्झच्या खालचं बरंच कापावं, सहा-सात हजारांच्या वरचंही. एकट्याने ऐकताना गिटार रोड वाटेल, बँडमध्ये ती बरोबर जागेवर बसेल.

स्टेजवर डबा थेट जमिनीवर ठेवू नये. तखतं जोडून उभारलेलं, खालून पोकळ असलेलं स्टेज बेसबरोबर स्वतःच घुमू लागतं. आणि हॉर्नचे वरचे स्वर सरळ जात असल्याने ते वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांना ऐकू येतात, कानांना नाही. बिछायत केंद्राची प्लॅस्टिकची खुर्ची घ्यावी, डबा तिच्यावर मागे थोडा कलता ठेवावा, तोंड आपल्या कानाकडे. उन्हात डबा तापू देऊ नये, व्हॉइस कॉइल तापली की तिचा रोध वाढतो आणि आवाज दबतो. जनरेटरवर गुणगुण आली तर डीआय बॉक्सवरची ग्राउंड लिफ्टची खिट्टी दाबावी. अर्थिंगची पिन काढायला कोणी सांगितलं, तर तो कितीही जुना जाणकार असो, ऐकू नये. त्याने जीव जातो.

कानाजवळचा डबा हळू वाजला तरी पुरतो. मग मॉनिटर चढवायची स्पर्धा थांबते आणि सारा बँड खाली येतो. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा 2000 सालचा नियम आहे. त्या आधीच्या तासांतही शेजारच्या इमारतींना झोप आणि अभ्यास असतोच. वाहून आणलेल्या सोळा किलोंचा हा उपकार लॉनच्या पलीकडच्या लोकांवर होतो.

साउंडवाल्याशी बोलणं सोपं ठेवावं: "भाऊ, मेन आउट तुम्हाले, डब्बा माह्यासाठी." आणि डब्याच्या आउटपुटला वेगळा ईक्यू लावावा, मिक्सरच्या लाइनला हात लावू नये. डबा खुर्चीवर घुमतो म्हणून पॅचमधलाच बेस कमी केला, तर समोर बसलेल्या आठशे लोकांना तो कमी ऐकू येतो.