पितळेचं गोत्र

चांगली शिकली-सवरलेली माणसं हो, पण छंद जुने फ्यूज जमवण्याचा! आणि रात्री-अपरात्री भिंग लावून बघतात काय, तर हा फ्यूज कुठल्या देशात घडला! तोफगोळ्याच्या नाकावर बसणारं हे पितळी बोंड, आतली दारू कधीच काढून टाकलेली. पण पोरीसाठी स्थळ बघताना होणार नाही एवढी त्याची चौकशी. नुसता बाण कोरलाय? ब्रिटिश सरकारी माल! बाण सी अक्षराच्या पोटात? कॅनडा! दोन्ही अंगांना डी? ऑस्ट्रेलिया! काल 'हे भंगार आधी घराबाहेर काढा' म्हणणाऱ्या बायका आज पाहुण्यांना सांगतात, 'डावीकडचा कॅनडाचा बरं का!'

आणि एवढं खणून हाती काय लागतं? लफडं! पहिल्या महायुद्धातला ब्रिटिशांचा ८० नंबरचा फ्यूज घ्या. झाडला जर्मनांवर, नि अंगावर खूण 'केपीझेड ९६/०४'. म्हणजे पेटंट कोणाचं? जर्मनीच्या क्रुप कंपनीचं! ब्रिटनच्या विकर्स कंपनीने १९०२ मध्ये क्रुपशी रीतसर करार केलेला. बरं, युद्ध संपल्यावर लाजून गप्प बसावं की नाही? छे! क्रुपने वही उघडली: दर फ्यूजमागे १ शिलिंग ३ पेन्स. आपल्याच पोरांवर पडलेल्या गोळ्यांची रॉयल्टी! १९२६ मध्ये ४० हजार पौंडांवर प्रकरण मिटलं. जनाची नाही, मनाची तरी?

दुसऱ्या महायुद्धात तर जर्मनांनी कारखान्यांची नावंच अक्षरांमागे लपवली. शत्रूपासून झाकलेली ती अक्षरं या मंडळींना पाढ्यांसारखी पाठ. 'डीओटी' म्हणजे ब्रनो. खूण जर्मन, कारखाना चेक. मग देश कुठला लिहायचा? यावर जिवलग मित्रांचा अबोला! आणि सोवळ्यातला तो स्वित्झर्लंड? जिनिव्हाच्या टावारो कंपनीने जर्मनांना फ्यूज विकले, आणि वर आम्ही तटस्थ!

(एक मात्र खरं. बेल्जियमच्या शेतांत नांगराला अजून जिवंत गोळे लागतात. तिथे हौस गुंडाळून ठेवायची आणि लष्कराला बोलवायचं.)

आपण बुवा यातले नाही. बाणाखाली आय असला की माल हिंदुस्थानचा, एवढं सामान्यज्ञान कोणालाही असतं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, हेही सहज कानावर आलेलं. आणि जुन्या बाजारात एखादं पितळ दिसलं, तर उलटून बघायला काय पैसे पडतात?