चलन आभासी, चलान खरं

आमच्या भाच्याला एका क्रिप्टो नाण्यात लाखाचा नफा झाला, दुसऱ्यात लाखाचाच तोटा. "मामा, हिशेब शून्य!" म्हणाला. सीए नुसता हसला. 2022 पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. उपकर धरून 31,200 रुपये भरा. शिवाय विकताना 1 टक्का टीडीएस आहेच.

बरं, क्रिप्टो कायदेशीर चलन आहे का? नाही. बेकायदा आहे का? तसंही नाही. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये बँकांचं दार लावलं, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये उघडलं. पण आत पाट कुणीच मांडला नाही. पोराला घरात घ्यायचं नाही, त्याच्या पगारातला वाटा मात्र सोडायचा नाही, असा हा संसार.

भाच्याने मग एका अनोळखी माणसाला यूएसडीटी ही डॉलरशी बांधलेली नाणी थेट विकली. यूपीआयवर पैसे टणकन आले. ते कुणाच्या तरी फसवणुकीचे निघाले. आठवड्याने टपरीवर चहाचे 15 रुपये जाईनात, कारण खातं गोठलेलं! तक्रार कुठली, तर परराज्यातल्या पोलीस ठाण्यातली. तंत्रज्ञान विकेंद्रित, भानगड मात्र नेमकी आपल्याच खात्यात केंद्रित.

तेव्हा बाबांनो, एफआययूकडे, म्हणजे सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे, नोंदलेल्या एक्स्चेंजवरच व्यवहार करा, प्रत्येक नोंद जपा आणि विवरणपत्रात दाखवा. नाणं डोळ्यांना दिसत नसलं, तरी प्राप्तिकर खात्याला दिसतं.