जेईई आणि सीईटी या उभयतांस अनावृत पत्र

मा. जेईई मेन, मुक्काम दिल्ली, आणि मा. एमएचटी-सीईटी, मुक्काम मुंबई, यांस,

सा. न. वि. वि.

आपल्या दोघींपैकी एकीवर लक्ष केंद्रित करा, असं आमच्या घरी वर्षभर जो येतो तो सांगून जातो. स्वतः कॉमर्सला गेलेला मामा यात आघाडीवर आहे. म्हटलं, थेट आपल्यालाच विचारावं. आपण कधी एकमेकींशी बोलता का हो?

विचारायचं कारण एप्रिल महिना. जेईईबाई, आपलं दुसरं सत्र तेव्हाच. ७५ प्रश्न, तीन तास, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. त्यामुळे क्लासात दोन वर्षं एकच मंत्र: खात्री नसेल तर हात लावू नकोस. आमची कन्या तो इतका शिकलीय की जेवायला काय करू विचारलं तरी उत्तर देत नाही.

पाठोपाठ सीईटीबाई, आपण. वेळ तेवढाच, प्रश्न १५०, आणि चुकीला माफी. भौतिक-रसायनाचे १०० प्रश्न ९० मिनिटांत उरकायचे. इथे विचार करत बसला तो संपला. शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्या प्रश्नांना डोळे मिटून 'सी' ठोकणं हा आळस नाही, तंत्र आहे. दोन वर्षं संयम घोटलेल्या पोरीला चार दिवसांत बेफिकिरी शिकवायची, म्हणून क्लासने वेगळी क्रॅश बॅच काढलीय. फी अर्थात वेगळी. संयमाची फी परत मिळत नाही, विचारून पाहिलं.

आणखी एक कोडं. जेईईबाई, आपण दिल्लीच्या, तरी २०२१पासून गणिताचा पेपर मराठीतही देता. सीईटीबाई, आपण घरच्या. भौतिक-रसायन मराठीत विचारता, गणित मात्र फक्त इंग्रजीत! मराठीला २०२४ साली अभिजात दर्जा मिळाला, ही बातमी आपल्या कचेरीत उशिरा पोचली असावी. मराठी माध्यमाच्या पोराला मायबोलीत इंटिग्रेशन करायचं असेल, तर त्याने दिल्लीचं दार ठोठावावं.

'एकीची निवड करा' म्हणणाऱ्यांनी जरा बघावं, राज्याने स्वतः काय केलं? २०१४ आणि २०१५ साली इंजिनिअरिंगचे प्रवेश जेईई आणि बारावीच्या गुणांवर दिले आणि २०१६ला पुन्हा सीईटी आणली. राज्याला जे जमलं नाही ते सतरा वर्षांच्या पोरांना जमेल, हा विश्वास मात्र कौतुकास्पद आहे. त्यात माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयसीटीत, ७० टक्के जागा सीईटीवर, ३० टक्के जेईईवर. तेव्हा तिकडे नजर असेल तर दोघींनाही हात जोडलेले बरे. फॉर्म दोन्ही भरले जातातच, फोटोची साइज दोनदा बदलली जातेच.

खरी निवड होते ती दहावीच्या सुट्टीत, क्लासच्या गारेगार केबिनमध्ये. टेबलापलीकडचा टायवाला तरुण दोन छापील दरपत्रकं पुढे सरकवतो: 'जेईई प्लस सीईटी' आणि 'ओन्ली सीईटी'. बापाचं बोट दुसऱ्याकडे जायला लागलं की तो काही बोलत नाही. फक्त पेनाचं टोपण लावतो, मुलीकडे एकदा बघतो आणि हळूच विचारतो, "सर, एवढाच कॉन्फिडन्स?" बाप पहिल्यावर सही करतो. माझ्या माहितीत तरी या प्रश्नाला कुणी वेगळं उत्तर दिलेलं नाही.

निकालाचंही कौतुक वाटतं. पर्सेंटाइल दशांशचिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत! जेईईच्या जानेवारीच्या सत्रात कन्येला ९२ पर्सेंटाइल आले तेव्हा आजोबांनी शंभरातले ९२ समजून सोसायटीत पेढे वाटले. परीक्षा देणारी मुलं दहा लाखांच्या वर, म्हणजे ऐंशी हजार तरी हिच्या पुढे, हे सांगायचा धीर कुणाला झाला नाही. पेढे चांगले होते.

आपण एक व्हावं, असं मी सुचवणार नाही. क्रॅश बॅचवाल्यांनाही मुलंबाळं आहेत. फक्त कन्येने एप्रिलात प्रश्न सोडायचा की ठोकायचा, हे दोघींनी मिळून एकदाच कळवलंत तर उपकार होतील.

आपला नम्र,
बारावी सायन्सच्या एका मुलीचा बाप

ता. क. : या धांदलीत बारावीची बोर्डाची परीक्षाही असते म्हणे. एनआयटीला तिचे ७५ टक्के लागतात, म्हणून कन्या तीही देऊन आली.