अज्ञात इसम

चंद्रपुरात राहणाऱ्याला जंगलावर बोलण्याचा जन्मसिद्ध हक्क असतो. ताडोबा हाकेच्या अंतरावर, वाघ अधूनमधून वीज केंद्राच्या आवारातही डोकावतो. त्या जोरावर मी जंगलावर पुष्कळ लिहिलंय, बहुतेक कूलरसमोर बसून. म्हणून मार्चमध्ये एका गावच्या ग्रामसभेने ‘या एकदा गस्तीला’ म्हटलं, तेव्हा नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. गावाचं नाव लिहीत नाही. त्यांनीही माझं कुठे सांगू नये, असं ठरलंय.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०१२ मध्ये गोंडपिपरीकडच्या पाचगावला हजारावर हेक्टरांचा. हे गाव त्याच वाटेवरचं. पाळीपाळीने चार घरची चार माणसं रोज रानात फिरतात. पगार नाही, गणवेश नाही. गणवेश नाही हे आधी कळतं तर ठिपक्यांची टोपी, दुर्बीण आणि शिट्टी यांचे पैसे वाचले असते.

पुढे दोन काका, एक पोरगा, आणि रबरी चपला घातलेल्या एक मावशी. त्या मोहाच्या प्रत्येक झाडाखाली थांबून बघत होत्या. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून कुणी पाला पेटवला, की वणवा लागायला तेवढं पुरतं. मी दुर्बिणीतून बघत होतो, त्यामुळे पायाखालची मुळी दिसली नाही. दोनदा आपटल्यावर काठीची गरज पटली. मंडळी पुढे गेलेली पाहून मी खिशातल्या चाकूने एका बांबूशी पाव तास झटापट केली. कोवळा होता, तुटला. त्याच्या खोळीवरची तांबूस कुसं मात्र तळहातात घुसली.

परतताना मावशी थबकल्या. तुटका बुंधा! काकांनी खाली बसून पाहिलं. “गुडघ्याइतक्या उंचीवर कापला. चिंध्या केल्या पाय. हा आपल्या गावचा हात नाही.”

“अन् यंदाचा होता,” मावशी हळहळल्या. एका वर्षाच्या आतल्या बांबूला हात लावायचा नाही, हा ग्रामसभेचा नियम.

माझाही संताप झाला. तो खरा होता, एवढं सांगतो. आपण मघाशी काय केलं याचा याच्याशी काही संबंध आहे, हे डोक्यातच आलं नाही. आपली ती काठी, चोरतो तो चोर. शिकलेला म्हणून गस्तीची वही माझ्याकडे होती. मी खाली लिहिलं : ‘अज्ञात इसमाने अत्यंत निर्दयपणे कोवळ्या बांबूची कत्तल केल्याचे आढळले.’ लिहिताना तळहात इतका खाजत होता की अक्षर बिघडलं. वर पाहिलं तर चौघंही माझ्या हाताकडे बघत होते. मग काठीकडे. मग पुन्हा हाताकडे.

“सायब,” पोरगा म्हणाला, “तुमच्या हातात काय आहे जी?”

संध्याकाळी ग्रामसभा भरली. मी बचावाची तयारी करून गेलो होतो. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडांत बसवलं होतं, वनहक्क कायद्याने २००६ मध्ये त्याला गौण वनोपजात घेतलं, आणि २०११ मध्ये तत्कालीन वनमंत्री जयराम रमेश स्वतः मेंढा-लेखाला येऊन बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती देऊन गेले, इथपर्यंत मी आलो. “थोडक्यात,” मी हात खाजवत म्हणालो, “शास्त्राप्रमाणे बांबू हे गवत आहे. एक काडी गवत तोडलं, तर एवढं काय?”

मागून एक म्हातारबाबा म्हणाले, “गवत आहे म्हणूनच तर गावाचं आहे जी. झाड म्हणत होते तवा सरकारचं होतं.”

त्या गावात मतदान घेत नाहीत. सगळ्यांचं पटेपर्यंत बसतात. माझ्या बाबतीत फार बसावं लागलं नाही. एक्कावन्न रुपये आणि गस्तीच्या आणखी दोन पाळ्या, दुर्बिणीशिवाय. शिवाय वहीतली नोंद दुरुस्त करायची. मी ‘अज्ञात इसमाने’ खोडून नाव लिहिलं आणि ‘अत्यंत निर्दयपणे’वरही रेघ मारायला गेलो, तर मावशी म्हणाल्या, “ते राहू द्या.”

काठी त्यांनी न्हाणीच्या कुडाला टेकू म्हणून लावली. दुसऱ्या पाळीला गेलो तेव्हा तिच्यातून पिवळसर भुकटी झरत होती. कोवळ्या बांबूला भुंगा लवकर लागतो.

“चहा घेता का?” मावशींनी विचारलं, आणि काठीला हात न लावता आत या, असंही सांगितलं.