चोर सोडून संगणकाला फाशी

कृत्रिम बुद्धिमत्तेची बातमी आली की सोबतच्या चित्रासाठी कुणी फार डोकं चालवत नाही. एक लाल डोळा छापला की काम भागतं. हा डोळा हॅल ९००० या संगणकाचा, स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मधला. १९६८पासून बिचारा बदनाम आहे. आरोप खोटा नाही; चार अंतराळवीर त्याच्या हातून गेले. प्रश्न एवढाच, की पिंजऱ्यात तो एकटाच कसा?

सिनेमा संथ आहे, हे मान्य. सुरुवातीला वानरमानव हाडं आपटतात आणि पहिली पंचवीस मिनिटं संवाद औषधालाही नाही. पहिल्या खेळांपैकी एकातून अभिनेता रॉक हडसन वैतागून उठून गेला होता. मग कुब्रिकने एकोणीसेक मिनिटं कापली, तरी सव्वादोन तासांहून जास्त उरलाच. भविष्य सांगण्यातही तो कुडमुड्या जोशाइतकाच पक्का. चंद्रावर वसाहत झाली नाही, गुरूकडे माणूस गेला नाही आणि सिनेमात अंतराळात प्रवासी नेणारी पॅन अ‍ॅम ही विमान कंपनी १९९१ साली जमिनीवरच बुडाली. एक नेम मात्र लागला. अंतराळवीर जेवता जेवता चपट्या पाटीवर बातम्या बघतात. अ‍ॅपलने आपल्या टॅब्लेटची नक्कल केल्याचा दावा लावला, तेव्हा २०११मध्ये सॅमसंगने हेच दृश्य कोर्टापुढे ठेवलं.

दुसरा नेम त्याहून अचूक आहे, पण त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्याचं नाव डॉ. हेवूड फ्लॉइड. पेशा : साहेब.

चंद्रावर एक काळी शिळा सापडली आहे. मानवजातीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी बातमी. साहेब काय करतात? तळावर साथ आल्याची आवई उठू देतात. रशियन शास्त्रज्ञ काळजीने विचारतात, तर साहेबांना त्यावर बोलायची मुभा नाही. मग बैठक. आधी फोटो. मग भाषण : ही थाप मलाही आवडत नाही, पण चालू ठेवायची आहे, आणि गुप्ततेची शपथ सगळ्यांनी लेखी द्यायची आहे. पुढे गाडीत सँडविच खाता खाता भाषण फार छान झाल्याचं साहेबांना सांगितलं जातं. आणि चाळीस लाख वर्षं पुरून ठेवलेल्या त्या शिळेपुढे पोहोचल्यावर मंडळी काय करतात? रांगेत उभं राहून ग्रुप फोटो.

अठरा महिन्यांनी यान गुरूकडे निघतं. जागे असलेल्या बोमन आणि पूल या दोन अंतराळवीरांना आपण कशासाठी चाललो आहोत ते ठाऊक नाही. यानावर ते फक्त हॅलला ठाऊक आहे आणि बोलायची त्याला बंदी आहे. तरी तो एकदा बोमनपाशी विषय काढतो : चंद्रावर काहीतरी सापडल्याच्या अफवा होत्या, नाही का? बोमन विषय टोलवतो. आणि लगेच हॅल धडधाकट यंत्रात बिघाड असल्याचं सांगतो. त्याची पहिली चूक होते ती इथे. पुढे चूक उघड झाल्यावर तो शांतपणे सांगतो, की दोष माणसांचाच असणार. प्रेक्षक शहारतात. वास्तविक त्याच्या तोंडचं याहून खरं वाक्य सिनेमात नाही.

बोमन हॅलचा मेंदू एकेक पट्टी उपसून बंद करतो. हॅल गयावया करतो, भीती वाटतेय म्हणतो, शेवटी गाणं म्हणतो. तो गार पडल्यावर पडद्यावर कोण उगवतं? साहेब! आधीच ध्वनिचित्रमुद्रित केलेलं निवेदन : सुरक्षेच्या कारणास्तव मोहिमेच्या उद्देशाची माहिती फक्त हॅलकडे होती. त्यानंतर उरलेल्या सिनेमात कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणजे माणसाचा पहिला संवाद साहेबांना अदबीने ‘सर’ म्हणणारा आणि शेवटचा खुद्द साहेबांचा. कुब्रिकने काही सांगायचं बाकी ठेवलं आहे का?

हॅल का बिघडला, हे ‘२०१०’ या १९८४च्या पुढच्या सिनेमात हॅलचा निर्माता डॉ. चंद्रा उलगडून सांगतो : ज्याला खोटं जमत नाही त्याला खोटं बोलायचा हुकूम दिला होता. त्यावर फ्लॉइडसाहेब उसळून म्हणतात, मला माहीतच नव्हतं!

सिनेमा पन्नास वर्षांवर टिकला तो चमत्कृतींमुळे, असं जाणकार म्हणतात. असेलही. माझ्या मते तो टिकला, कारण त्यातली यानं जुनी झाली, कंपन्या बुडाल्या, साहेब मात्र अजून पदावर आहेत. आता फक्त त्यांची सोय वाढली आहे. अर्ज फेटाळला, यादीतून नाव गळलं, कर्ज नाकारलं, तर खिडकीतून एकच उत्तर येतं : ‘आम्ही काय करणार, सिस्टिम घेत नाही.’ तेव्हा लाल डोळ्याला घाबरत बसू नका. सिस्टिमला हे कुणी सांगितलं, तेवढं विचारा. आणि उत्तर लेखी मागा. लेखी घेण्याची शिस्त त्यांचीच आहे.