मुक्तीचा टाका

शिलाई मशीनच्या सुईखाली बारीक दाते असतात. ते कापड एका मापाने पुढे सरकवतात, म्हणून टाके सारखे पडतात. ही गुलामी सहन न होऊनच ‘फ्री-मोशन क्विल्टिंग’ जन्माला आलं असावं. यात दाते खाली पाडायचे, रफूचा फूट लावायचा आणि गादीएवढं कापड दोन्ही हातांनी वाटेल तिकडे फिरवायचं. टाक्याची लांबी आता हात आणि पाय यांच्या आपसांतल्या समजुतीवर. नवशिक्याच्या बाबतीत त्या दोघांचं बोलणं बंद असतं. एक टाका मोहरीएवढा, पुढचा बोटभर, आणि उलट्या बाजूला दोऱ्याचं जाळं. (दोष दोऱ्याच्या ब्रँडला द्यायची प्रथा आहे.)

उद्योगाने ही व्यथा ओळखली. स्वित्झर्लंडच्या बर्निना कंपनीने टाका-नियंत्रक आणला. कापड किती हललं ते सेन्सर मोजतो आणि टाके पुन्हा सारखे पडतात. दाते पाडून जे सोडलं, तेच आता विकत मिळतं. व्यवहार चोख आहे. मोटारवाल्यांनीही ब्रेक आधी काढून, मग हप्त्याने द्यायला हरकत नाही.

पण टाके सारखे झाले, तर ते मशीनचे दिसू लागले! त्यावरही तोड निघाली. हाताच्या धावदोऱ्याची नक्कल करणारा टाका आता मशीनमध्येच मिळतो. वरून पारदर्शक दोरा ओवला की झालं. हा नमुना जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या एका आजींना कौतुकाने दाखवण्यात आला. त्यांनी चष्मा सावरून टाके निरखले आणि काळजीने विचारलं, “हाताला काय झालं गं तुझ्या?”